मरायला मोघेकाकू

मोघेकाकू आमच्या मंडळाच्या रंगमंचावर किती वेळा मेल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तलवारीने मेल्या, बाणाने मेल्या, विषाने मेल्या. एकदा तर ज्याने मारायचं तो नटच बाहेर चहा पीत राहिला, म्हणून बिचाऱ्या नुसत्या पश्चात्तापाने मेल्या. दर गणपतीत एक मरण ठरलेलं असायचं. जबलपुरातल्या मराठी घरांत वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, त्याने लहानपणी कधी ना कधी मोघेकाकूंचा वध केलेला असतो.

हे असं का झालं ते सांगायला हवं, नाहीतर बाईला मरायची हौसच होती असं वाटेल. आमच्या मंडळातली निम्मी माणसं संरक्षण खात्याच्या कारखान्यांतली, उरलेली रेल्वेतली आणि सरकारी कचेऱ्यांतली. कारखान्यातला साहेब मंडळात आला तरी साहेबच राहायचा. नाटकात राजा कोण होणार हे आवाजावरून नाही, बढतीवरून ठरायचं. असुराचं काम भारदस्त, मुकुट मोठा, भाषणं लांबलचक, त्यामुळे ते एका वर्षी एका फार वरच्या साहेबांनी मागून घेतलं. शेवटी मरायचं आहे हे त्यांनी वाचलं नसावं. त्यांना मारायला राजपुत्र म्हणून उभा राहिला तो त्यांच्याच खात्यातला नवा कारकून. वधाचा प्रवेश आला, कारकुनाने तलवार उगारली आणि साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तलवार हळूहळू खाली आली. "सर," तो म्हणाला, "आपण जरा बसता का?" साहेब म्हणाले, "उद्या बघू." शेवटी पडदा पाडावा लागला. त्या वर्षी असुर जिवंत राहिला, आणि आरतीला पहिला मानही त्यालाच मिळाला.

पुढच्या वर्षी असुराचं काम घ्यायला कुणी तयार होईना. साहेबांना हाताखालच्या माणसाकडून मरायची लाज, आणि हाताखालच्यांना साहेबांवर गुरगुरायची भीती. बैठक बराच वेळ तशीच अडून बसली. तेव्हा बायकांच्या बाजूने एक हात वर झाला. "मी मरते," मोघेकाकू म्हणाल्या. "त्यात काय एवढं? चलो, पुढचं बोला."

त्या तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि चालणं असं की समोरून येणारी गाय बाजूला व्हायची. पण काकू म्हणजे मुळात आवाज. लोखंडी ट्रंक फरशीवरून ओढावी तसा तो होता. मदन महालच्या आमच्या वसाहतीत त्यांनी गॅलरीतून दूधवाल्याला हाक मारली की शेजारच्या गल्लीतला दूधवालासुद्धा येऊन उभा राहायचा, आणि आलाच आहेस तर दे म्हणून त्याच्याकडूनही दूध घेतलं जायचं. त्यांचे यजमान, मोघेकाका, अगदी हळू बोलायचे. काकू एकट्याच दोन माणसांचं बोलून टाकायच्या, तिसऱ्याची गरज नव्हती. काका नाटकाला दरवर्षी पहिल्या रांगेत बसायचे, पण वधाचा प्रवेश आला की उठून पान खायला जायचे. "खोटं असतं हो," कुणी म्हणायचं. "माहीत आहे," काका म्हणायचे, "पण ती फार चांगलं मरते."

चांगलं मरते हे अगदी खरं होतं. पडण्याची त्यांची एक रीत होती. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, आणि डोकं सगळ्यांत शेवटी, तेसुद्धा हलकेच, उशीवर ठेवल्यासारखं. ही रीत त्या आम्हा मुलांना जमिनीवर गाद्या टाकून शिकवायच्या. मार खाऊन पडणं आणि धडपडणं यात फरक असतो, म्हणायच्या. "पडणाऱ्याने मारणाऱ्याला मोठं करायचं असतं. तू वाकडातिकडा पडला, की लोक तुला हसतात, अन् ज्याने मारलं तो बिचारा तिथं कशाला उभा आहे हे कुणाला समजत नाही."

मी आठ-नऊ वर्षांची असताना राजपुत्र झाले होते. मुलगे मिळाले नव्हते म्हणून मी. समोर काकू, डोक्यावर शिंगं, तोंडाला काजळ, आणि गर्जना अशी की माझे पाय जागच्या जागी गोठले. हातातली लाकडी तलवार उचलवेना. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. काकूंनी काय केलं, तर गर्जना करत माझ्याभोवती एक फेरी मारली, आणि पाठ लोकांकडे झाली त्या एवढ्याशा वेळात शिंगांखालून हळूच म्हणाल्या, "घाबरून राहिली का? मी बी घाबरून राहिले. चल, ढकल बेटा." मी डोळे मिटून ढकललं. त्या अशा कोसळल्या की माझ्या हातून खरंच काहीतरी घडलं असं मला वाटलं. टाळ्या माझ्यासाठी होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताच्या बाईंनी फळ्याजवळ बोलावलं तेव्हा मी ताठ मानेने गेले. गणित चुकलं, ते सोडा.

लहानांशी त्या कॅरममध्येही हरायच्या, सापशिडीतही हरायच्या, आणि तेही इतकं मन लावून की पोराला संशय येऊ नये. मोठ्यांशी मात्र उभ्या आयुष्यात कधी हरल्या नाहीत. भाजीवाला असो, विजेच्या कचेरीतली खिडकी असो, की मंडळाचे सचिव देवधरकाका असोत. एकदा मी विचारलं, "काकू, मोठ्यांना का नाही जिंकू देत?" त्या म्हणाल्या, "त्यांना काहून? त्यांची वाढ झाली ना."

मग ती नाटकं बंद पडली. कुणी मुद्दाम बंद केली नाहीत. साहेब लोक निवृत्त झाले, काही नागपूर-पुण्याकडे गेले, आणि राहिलेल्यांची नातवंडं घरात मराठी ऐकतात पण उत्तर हिंदीत देतात. दोन तासांचं नाटक पोरांना समजेना. मग गणपतीत ऑर्केस्ट्रा यायला लागला, तिखटमिठाचे स्टॉल लागले, आणि काकूंची शिंगं मंडळाच्या माळ्यावर गेली. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त ऑर्केस्ट्रा सुरू झाला की हॉलच्या मागच्या दाराशी उभ्या राहायच्या, आणि रंगमंचावर धावाधाव करणाऱ्या पोरांकडे बघत राहायच्या. त्या पोरांपैकी एकानेही त्यांना कधी मारलेलं नव्हतं.

आता आमच्या खेळाकडे येते. मी घरून एका कंपनीचं संगणकाचं काम करते, आणि माझा धाकटा भाऊ निखिल चित्रं काढतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक व्हिडिओ गेम करायला घेतला होता. खेळ छोटा, एका बैठकीत संपणारा. उगाच रानोमाळ भटकायचं नाही, गुप्तधन शोधायचं नाही. एकामागून एक फक्त मोठ्या असुरांशी लढाया. गेम खेळणारे त्यांना बॉस म्हणतात. गोष्ट अशी होती की ऐन उन्हाळ्यात पाच असुरांनी मिळून अख्ख्या जबलपूरची दुपारची झोप पळवली आहे, आणि सोना नावाची एक मुलगी हातात लाटणं घेऊन ती परत आणायला निघाली आहे. एकदा असुराची पाळी, एकदा तिची. तिची पाळी आली की चार गोष्टी करता येतात: मारायचं, चुकवायचं, डब्यातले पोहे खाऊन ताकद भरायची, किंवा उलट उत्तर द्यायचं.

असुरांचे आवाज मीच काढले होते. मे महिन्याची दुपार होती, खिडकीला गादी लावून मी माइकसमोर गुरगुरत होते, आणि दारात मोघेकाकू कैरीचं पन्हं घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"हा कोण बोलून राहिला?" त्यांनी विचारलं.

"असुर आहे काकू. पहिला बॉस."

"अच्छा. मला वाटलं नोकरीच्या मुलाखतीला आला."

निखिल इतका हसला की पन्हं सांडलं. मी जरा रागातच त्यांना खेळ दाखवला. त्या चष्मा लावून बघत राहिल्या. "म्हणजे एकामागून एक साहेबच मारायचे? मग जबलपुरात चालेल," एवढं म्हणाल्या आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवरून त्या नंतर दोन महिने उठल्या नाहीत असं म्हटलं तरी चालेल.

कामाची त्यांची पद्धत उलटी होती. मी संवादांचे कागद पुढे केले तर त्यांनी ते बाजूला सारले. "संवाद राहू दे. पहिले सांग, मी मरते कशी?" असुर कसा मरतो हे कळल्याशिवाय तो कसा बोलतो हे त्यांना कळायचं नाही. तीस वर्षं त्या प्रत्येक काम शेवटाकडून सुरुवातीकडे बसवत आल्या होत्या.

पहिला असुर होता कुलरासुर, आमच्याकडच्या खिडकीतल्या वाळ्याच्या कुलरसारखा, चौकोनी आणि खडखडणारा. निखिलने सांगितलं, "काकू, त्याची ताकद संपली की स्फोट होतो."

"स्फोट काहून? कुलर कधी स्फोट होऊन मेलेला पाह्यला का तू? कुलर कसा मरतो सांगू? पाणी संपतं. मग तो घरघरतो. मग नुसती गरम हवा टाकतो. मग कुणीतरी उठतं अन् बटन बंद करतं." आणि त्यांनी ते करून दाखवलं. आवाज नीट रेकॉर्ड व्हावा म्हणून पंखा, कुलर सगळं बंद होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि त्या उकाड्यात ही सत्तरी ओलांडलेली बाई माझ्या खुर्चीत बसून पाणी संपलेल्या कुलरसारखी मरत होती. शेवटची घरघर थांबली तेव्हा निखिल खरंच उठून बटण शोधायला लागला.

दुसरी होती चौकशीआत्या. ती मारत नाही, नुसतं विचारते: लग्न कधी, पगार किती, वजन का वाढलं. एकेका प्रश्नाने सोनाची ताकद उतरते. आम्ही तिला लाटण्याने मारायचं ठरवलं होतं. काकूंनी मान हलवली. "आत्या लाटण्याने नाही मरत. तिला उलट विचारा. आत्या, तू कशी आहेस? जेवली का? तिला जन्मात कुणी विचारलेलं नाही." मग त्यांनी आत्याचा शेवट म्हटला. आधी ठसक्यात "मी? मला काय झालंय," मग जरा थांबून "मी... बरी आहे गं," आणि मग इतका वेळ कडाडणारा तो आवाज असा ओला झाला की माझ्याच्याने पुढचं बटण दाबवेना. तिसरी खव्याच्या जिलबीची राणी आणि चौथा भर दुपारी बँड वाजवत फिरणारा वरातासुर यांचे शेवटही असेच, ज्याचे त्याला शोभतील असे ठरले. आमचा साधा गमतीचा खेळ एकेका मरणाबरोबर चांगला होत गेला, हे कबूल करायलाच हवं.

अडलं ते पाचव्याशी. शेवटचा असुर म्हणजे मदन महालच्या टेकडीवरची ती तोल सावरून बसलेली शिळा. मोठ्या खडकावर दुसरा मोठा खडक, अगदी एवढ्याशा जागेवर टेकलेला, आणि भूकंपातही न हललेला. निखिलने तिला डोळे काढून शिळासुर केला होता. लाटण्याचे पुरेसे फटके बसले की तो गडगडत खाली येणार, असा बेत होता.

"नाही पडणार," काकू म्हणाल्या.

"काकू, गेम आहे."

"असू दे ना. लोक त्याला पाहायला काहून जातात? तो पडत नाही म्हणून. तुझ्या लाटण्याने पडला तर मुलं हसतील, अन् तुझी सोना बी लहान होऊन जाईल." मग कसा मरतो, विचारलं तर म्हणाल्या, "माहीत नाही. मला टाइम दे." त्या रोज सकाळी कॅनव्हासचे बूट घालून टेकडी चढायला लागल्या. शिळेसमोर हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि तशाच परत यायच्या. फिरायला येणाऱ्या लोकांना वाटायचं की बाई भूगर्भ खात्याच्या असाव्यात.

त्याच दिवसांत त्यांचा आवाज मधेच चिरकायला लागला. आम्ही म्हटलं, गुरगुरून घसा बसला. पण तो सुटेना. तपासणी झाली, गळ्यात गाठ निघाली. ती काढायलाच हवी होती, आणि आवाजाची नस तिथूनच जाते, त्यामुळे नंतर आवाज पहिल्यासारखा येईलच याची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकूंनी हे आम्हाला सांगितलं ते उद्या पाणी येणार नाही अशा सुरात. पण हातातल्या पन्ह्याच्या पेल्यावरून त्यांचं बोट गोल गोल फिरत होतं आणि थांबत नव्हतं.

"ऐक मिनू," त्या मला म्हणाल्या. "ह्या आताच्या मुलांनी मला मरताना पाह्यलंच नाही. मला गणपतीत एकदा त्यांच्यासमोर हरायचंय. मंडळाच्या हॉलमध्ये. तुझा खेळ लावून. गाठीचं काय व्हायचं ते होऊ दे, पण हे मला करायचंय."

देवधरकाकांनी आधी नकार दिला. गणपतीत लाटण्याने मारामारी शोभत नाही, म्हणाले. काकू त्यांच्या घरी गेल्या आणि अर्ध्या तासाने परत आल्या. देवधरकाका मोठ्या माणसांत मोडत असल्यामुळे निकाल ठरलेलाच होता. रविवारची दुपार मिळाली.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी चारही असुर पुरे करून दिले. चिरकणारा आवाज सांभाळत, कोमट पाणी पीत, एकेक गर्जना मनासारखी होईपर्यंत. पाचवा राहिला. मी म्हटलं, काकू, काहीतरी बोलून ठेवा, आवाज आहे तोवर. नंतर काय होईल सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा आठ वर्षांची झाल्यासारखं वाटलं. "मरण माहीत नाही अन् बोलून ठेवू?" त्या म्हणाल्या. "ते खोटं होईल." आणि त्या ऑपरेशनला निघून गेल्या.

गाठ साधी निघाली, आमचा जीव भांड्यात पडला. पुढे काही आठवडे बोलायचं नाही असा हुकूम होता. काकूंनी ताटली आणि चमचा घेतला. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि सलग बडवणं म्हणजे देवधर आला आहे, दार लावा. त्या घरातून चमच्याचा आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे असं सगळी वसाहत समजायची.

मग बोलायची परवानगी मिळाली. मी गेले तेव्हा त्या मोघेकाकांना काहीतरी सांगत होत्या, आणि काका पहिल्यांदाच कानामागे हात धरून बसले होते. त्या आवाजातली लोखंडी ट्रंक गेली होती. सुपात धान्य पाखडताना येतो तसा नुसता वाऱ्याचा आवाज राहिला होता. त्यांनी मला बघून "ये," म्हटलं आणि मला रडू आलं. लपवलं नाही, लपवता येण्यासारखं नव्हतं. निखिलने संगणकावर जुने आवाज जोडून शिळासुर करून देतो म्हटलं. काकूंनी सवयीने ताटली घेतली आणि दोन ठोके दिले. मग त्या विश्रांतीसाठी शहपुऱ्याला भावाकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "थांबा." गणपती जवळ येत चालले, खेळाचा फलक मंडळाच्या फाटकावर लागला, आणि आमच्याकडे शेवटचा असुर मुकाच होता. त्या आता येणारच नाहीत, आणि आल्या तरी या आवाजाने त्या हॉलमध्ये उभ्या राहणार नाहीत, असं मी मनात धरून चालले होते.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्या आल्या. रिक्षातून उतरल्या त्या थेट आमच्याकडे.

"मिळालं," म्हणाल्या.

भावाच्या घरी त्यांना जेवण झालं की आडवं व्हायला लावायचे. काकू आयुष्यात कधी दुपारी झोपल्या नव्हत्या. शाळा, पेपर, घर, तालमी. सुरुवातीला त्या छताकडे बघत पडून राहायच्या. मग एक दिवस वहिनी येऊन शेजारी बसली आणि बोलता बोलता तिने त्यांच्या खांद्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. "अन् मी सांगते तुला मिनू, मी अशी झोपले, अशी झोपले, उठले तर दिवे लागले होते. तेव्हा समजलं. तो दगड पडत नाही म्हणून सगळे वाहवा करून राहिले. दमला का, असं कुणी विचारलंच नाही. गावाची झोप त्याने चोरली कारण त्याला एकट्याला उभं राहावं लागतं. त्याला मारू नका. झोपवा."

आम्ही दोघं कामाला लागलो. शेवटच्या लढाईत "मारा" काढलं नाही, पण त्याने काही होऊ नये असं केलं, आणि सगळ्यात खाली एक नवा पर्याय लिहिला: "थोपटा". आवाज आधी रेकॉर्ड करायला काकूंनी नकार दिला. पडद्यामागे माइक घेऊन बसेन आणि समोर काय चाललंय ते बघून बोलेन, म्हणाल्या.

रविवारी हॉल भरला. पोरं पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर, रंगमंचाच्या एका बाजूला पांढरा पडदा लावून त्याच्यावर खेळ. चार असुरांशी चार पोरं लढली. कुलरासुराची पहिली गर्जना झाली आणि मागच्या खुर्च्यांमधून एकदम "अरे, मोघेकाकू" असा गलका उठला. निवृत्त साहेब लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. पोरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना असुर हवा होता आणि तो त्यांना मिळाला होता. "मार, मार," "पोहे खा ले यार," "आत्या से पूछ ना, जेवली का," असा आरडाओरडा चालला होता. चौकशीआत्या रडली तेव्हा मागे दोन-तीन आत्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले.

पाचव्याला पीहू नावाची मुलगी पुढे आली, आमच्याच गल्लीतली, दोन वेण्यांची, चौथीत शिकणारी. शिळासुर पडद्यावर उगवला, अख्ख्या भिंतीएवढा. पोरं गर्जनेची वाट बघत होती. आणि स्पीकरमधून तो वाऱ्याचा आवाज आला. "आलीस? ये."

देवधरकाका धावत ॲम्प्लिफायरकडे गेले; त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. रंगमंचाच्या पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि त्यांना थांबवलं. आवाज कानावर पडावा म्हणून पोरं आपोआप गप्प झाली. मग त्यांच्यामागची मोठी माणसं गप्प झाली. आमच्या मंडळात आरतीलासुद्धा एवढी शांतता नसते.

"किती आले, ढकलून गेले," शिळासुर म्हणाला. "तू बी ढकल."

पीहूने मारलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं. उलट उत्तर दिलं, पोहे खाल्ले, पुन्हा मारलं. तिचा चेहरा लाल झाला. मग ती पर्यायांच्या यादीत खालपर्यंत गेली आणि थांबली. "मम्मी," तिने मागे वळून विचारलं, "थोपटा मतलब?" तिची आई खुर्चीवरून उठली, पोरांमधून वाट काढत आली आणि काही न बोलता तिच्या पाठीवर थोपटलं. पीहूने बटण दाबलं.

शिळासुराचे डोळे जरा मिटले. "कोण आहे?" तो आवाज म्हणाला, आणखी बारीक होत. पीहूने पुन्हा दाबलं. "अजून," असुर म्हणाला. "अजून थोडं." पडद्यावरची ती कधी न हललेली शिळा हळूहळू कलायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. खेळ मीच केलेला होता, त्यात पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी आला.

पण यापुढचं मला ठाऊक नव्हतं. पडद्यामागून मोघेकाकू माइक हातात घेऊन बाहेर आल्या. शिंगं नाहीत, काजळ नाही, सुती साडी आणि गळ्यावर टाक्यांची रेघ. रंगमंचाच्या मधोमध आल्या आणि खाली झाल्या. गुडघा, कंबर, खांदा, आणि सगळ्यात शेवटी डोकं, हाताच्या तळव्यावर. मग हालचाल नाही.

देवधरकाका पाण्याचा पेला घेऊन निघाले आणि अर्ध्यावरच थबकले. माझ्या मनात डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकदम येऊन गेलं. कुणी पुढे व्हावं हे कुणाला सुचेना. पहिल्या रांगेत मोघेकाका मात्र जागचे हलले नाहीत. आणि त्या शांततेत माइकमधून एक लहानसं, सुखाचं घोरणं ऐकू आलं.

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. पीहूला त्यांनी उचललं, ती वर दोन्ही हात करून ओरडत होती, त्या क्षणी ती आमच्या हॉलमध्ये सगळ्यांत उंच होती. मागे साहेब लोक खुर्च्यांवर चढले होते. मी निखिलच्या गळ्यात पडून रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. जिंकल्या होत्या मोघेकाकू, आणि हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळत होतं.

दिवाळीनंतर त्या आणि काका मुलीकडे भोपाळला राहायला गेले. फोनवर बोलणं होतं, आपण गप्प बसून ऐकायचं असतं एवढंच. पण त्यांचा विचार आला की मला तीच रविवारची दुपार दिसते. पीहू खाली उतरून रंगमंचावर धावली आणि झोपलेल्या असुराच्या कानाशी वाकली. "आजी, सुबह हो गई. एक बार और हरा ना. अभी बाकी सब भी खेळणार आहेत."

काकूंनी एक डोळा उघडला.

"हरते ना बेटा," त्या म्हणाल्या. "पण पहिले उचल मला."

चार-पाच पोरांनी हाताला धरून त्यांना उभं केलं, आणि मोघेकाकू साडी झटकून पुन्हा हरायला पडद्यामागे गेल्या.